देवाप्पा तासभर बोलले

आमच्या लॅबमध्ये खायचं शिजवायला सक्त बंदी होती, आणि दर गुरुवारी दुपारी आमच्याकडं गरमागरम रागीमुद्दे असायचे. हे आधीच सांगून मोकळी होते. मागाहून कळलं तर म्हणाल, बाई मोठी साळसूद, एवढं तेवढं लपवून ठेवलं.

मी कस्तुरा चौगुले. मूळची निपाणीची, बेंगळुरात येऊन बावीस वर्षं झाली. आमची कंपनी कुकर बनवते. नाव सांगत नाही, तुमच्या ओट्यावर असेलच. जे. पी. नगरला आमची लॅब आहे. नवा कुकर बाजारात जायच्या आधी तो हजार वेळा तापवायचा, थंड करायचा, कुठं दगा देतो का बघायचं आणि कागदावर लिहायचं, हे आमचं काम. काय बनवायचं, कधी विकायचं, हे ठरतं कोरमंगलाच्या काचेच्या ऑफिसात. तिथल्या लोकांनी कुकर कधी घासला असेल असं मला वाटत नाही.

लॅबची प्रमुख मी, पण लॅब खरी चालायची ती देवाप्पांवर. चिकोडीकडचे, एकतीस वर्षं टेक्निशियन. माझ्याशी मराठी, बाकीच्यांशी कन्नड, आणि रागावले की दोन्ही एका वाक्यात. इंग्रजी म्हणाल तर मीटरवरचे आकडे आणि स्वतःचा कर्मचारी नंबर, बस्स. पण कान काय, बोटं काय! शेजारच्या खोलीत वाफ सुटली की इथून सांगायचे, चार नंबरचं रबर बदला, दोन दिवसांत जाणार. आणि जायचं. मी त्यांना अण्णा म्हणायची, ते मला अक्का. मी त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान, पण बाईमाणसाला अक्का म्हणायची इथली रीतच आहे.

तर गुरुवारचे मुद्दे. मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचे उकडलेले गोळे. देवाप्पांची बायको रामनगरची, त्यामुळं हा माणूस तीस वर्षांत पुरता रागीवाला झालेला. चाचणीचा एखादा कुकर मोकळा असला की त्यात पाणी-पीठ घालायचे, घरनं आणलेलं सारू, म्हणजे पातळ आमटी, गरम करायचे, आणि आम्ही चौघं-पाचजण दार लावून जेवायचो. मीही. सगळ्यात मोठा गोळा माझ्या ताटात पडायचा. आता कशाला खोटं बोलू?

गेल्या वर्षी जुलैत असाच एक गुरुवार होता. नवा इलेक्ट्रिक कुकर चाचणीला आलेला, तो शिट्टी करत नाही, मोबाईलवर निरोप पाठवतो. आमच्या हजार फेऱ्या झाल्या होत्या. नियमात लिहिल्याप्रमाणं पाणी, तांदूळ, डाळ. सगळ्यांत पास. देवाप्पांनी दोन-अडीच महिने आमचं गुरुवारचं जेवण त्यातच केलं होतं. त्या दिवशी मी डबा उघडतच होते, तर त्यांचा आवाज आला.

"अक्का, हिकडं या. लांबनंच बघा."

ह्या कुकरच्या झाकणात एक बारकी स्टीलची पिन आहे. आत वाफ भरली की ती वर उचलली जाते आणि झाकण अडकून बसतं. पैलवान आला तरी उघडायचा नाही. वाफ गेली की पिन खाली पडते आणि झाकण मोकळं होतं. सगळा भरवसा त्या पिनेवर. देवाप्पांनी मला मीटर दाखवला. आत वाफ भरलेली. मग लांब दांड्याचा चिमटा घेऊन त्यांनी झाकणाला जरासा हिसका दिला. झाकण फिरलं. त्यांनी तिथंच हात थांबवला आणि वायर खेचून काढली.

"पिन उठलीच न्हाई," ते म्हणाले. "रागीचा फेस भोकात जाऊन वाळलाय. मी दर येळी धुतोय वो, ब्रशनं. पर आतल्या कडेला बसलेलं बोटाला लागत न्हाई. आठ-दहा येळा शिजवलं की पिन खालीच चिकटतीय. आत वाफ, आन् झाकण म्हणतंय या, उघडा मला."

त्या आठवड्यात त्यांनी आणखी तीन कुकर तसेच रागी शिजवून बघितले. चारांतल्या दोनांत पिन चिकटली. डाळ-तांदळानं काही होत नव्हतं. रागीनंच होत होतं, आणि नियमात रागी नव्हती. नियम कुणी लिहिला देव जाणे, पण लिहिणाऱ्याच्या घरात मुद्दे होत नसणार एवढं नक्की.

मी सोमवारी कोरमंगलाला गेले. ह्या कुकरचा सगळा कारभार श्रीहर्षकडं. पुण्याचा, एकतीस वर्षांचा, हुशार पोरगा. उगाच वाईट बोलणार नाही, माणूस वाईट नव्हता. माझ्याशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून खूश असायचा. मी सांगितलं, रागीत पिन चिकटते.

"किती सँपल्स मॅम?" त्यानं लगेच लॅपटॉप ओढला.

"चार. दोनांत चिकटली."

"ओके. प्रोटोकॉल काय होता? किती सायकल्स, किती ग्रॅम? रिपोर्ट टाकलाय का सिस्टिममध्ये?"

प्रोटोकॉल डोंबलाचा! काय सांगू, की आम्ही लॅबमध्ये जेवण करतो? बंदी मोडली म्हणून देवाप्पांना त्याच दिवशी घरी पाठवलं असतं, आणि त्यांची निवृत्ती सहा आठवड्यांवर आली होती. आणि माझंही काय व्हायचं ते झालं असतं. मी म्हटलं, अजून रीतसर केलं नाही, तीन आठवडे दे, करून दाखवते.

"मॅम, दसऱ्याला लाँच आहे. पुढच्या सोमवारी रिव्ह्यू. तुम्हाला माहितीये ना, ओपन पॉइंट असला की पुढं सरकत नाही." तो खरंच कासावीस झाला होता. "तुम्ही एकदा त्रिविक्रम सरांशी बोलाल का?"

त्रिविक्रम सर आम्हा सगळ्यांचे वरिष्ठ. बसवनगुडीचे, फार सभ्य माणूस, आवाज कधी चढत नाही. ते कन्नडमध्ये बोलले, मी मराठीत सांगते. म्हणाले, "कस्तुरा, नियमाच्या सगळ्या चाचण्या पास आहेत ना? मग नवा मुद्दा आत्ता उघडू नकोस. लाँचनंतर दुसऱ्या टप्प्यात घेऊ. तुझं नाव मी ह्या वेळी वर पाठवलंय, तुला ठाऊक आहे. स्वल्प सांभाळून घे." मी म्हटलं, सरी सर, म्हणजे ठीक आहे. आणि मूग गिळून खाली आले. बढती नको होती असं म्हणणार नाही. पाच वर्षं वाट बघत होते.

पण देवाप्पा थोडेच गप्प बसणार? रोज सकाळी पहिला प्रश्न, पिनेचं काय झालं. मी रोज काहीतरी थातुरमातुर सांगायची.

तेवढ्यात कंपनीनं एक नवी टूम काढली. जुनी माणसं निवृत्त होतात आणि डोक्यातलं सगळं सोबत घेऊन जातात, म्हणून जाण्याआधी त्यांना बसवून सगळं विचारून घ्यायचं, एका फॉर्ममध्ये लिहायचं आणि तो सिस्टिममध्ये ठेवायचा. पुढच्यांना शोधलं की सापडेल. कल्पना चांगलीच आहे, मी कशाला नावं ठेवू? फॉर्म इंग्रजीत. देवाप्पांना इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांचं ऐकून फॉर्म मी भरायचा असं ठरलं. म्हणजे त्या माणसाच्या एकतीस वर्षांना कागदावर जायला एकच दार, आणि त्या दारात मी बसलेली.

देवाप्पा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. तासभर बोलले. मी घड्याळ बघितलं होतं, पुरता एक तास. बोअरच्या पाण्यानं रबर कसं कडक होतं आणि कावेरीच्या पाण्यानं कसं होत नाही. झाकण लावताना हाताला कुठं अडकलं तर समजायचं की काठ वाकडा आहे, मग मापाच्या पट्टीनं दिसो न दिसो. कुठल्या महिन्यातलं रबर घ्यायचं नाही, कारण उन्हाळ्यात ते गोदामात वितळून पुन्हा गोठलेलं असतं. शिकायला आलेल्या माणसाला पहिले सहा महिने नुसतं ऐकायला बसवा, मीटर दाखवू नका. आणि शेवटी पिन. पिनेवर वीस मिनिटं. रागी किती, पाणी किती, कितव्या वेळेला, चिकटल्यावर पिन दिसायला कशी दिसते, भोक किती मोठं केलं तर चिकटणार नाही, सगळं.

"हे नीट घाला अक्का," म्हणाले. "बाकीचं राहिलं तरी चालंल. बायका झाकण उघडताना वाकत्यात वो. त्वांड तिथंच असतंय."

फॉर्ममध्ये प्रत्येक मुद्द्यापुढं एक चौकट होती: पुरावा, चाचणी क्रमांक. तो घातल्याशिवाय पुढची ओळ उघडायचीच नाही. पाण्याच्या गोष्टीला कुठला क्रमांक घालणार? हाताला अडकतं ह्याला कुठला? आणि पिनेला क्रमांक घालायचा तर गुरुवार उघडा पडत होता. शिवाय पुढच्या सोमवारी रिव्ह्यू. फॉर्ममध्ये पिनेबद्दल एक वाकडा शब्द दिसला असता तर सगळं तिथंच अडलं असतं. देवाप्पा समोर बसलेले, मला वाटलं आत्ता भरून टाकावं, मग बघू. मी नियमातल्या पास झालेल्या चाचण्यांचे क्रमांक घालून चार ओळी लिहिल्या. चौथी ओळ अशी होती: लॉक पिन नियमित स्वच्छ ठेवावी, सध्याची रचना समाधानकारक.

देवाप्पांनी विचारलं, घातलं सगळं? मी म्हटलं, हो. त्यांनी छापील प्रतीवर कन्नडमध्ये सावकाश सही केली, खाली दोन रेघा मारल्या. आणि मला हात जोडले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं म्हणणं लिहून घेतलं, म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी बटण दाबलंच.

सोमवारी रिव्ह्यू झाला. वीस मिनिटांत आटोपला. टाळ्या वाजल्या, काजूकतली आली.

ऑगस्टअखेर कोरमंगलाला देवाप्पांचा निरोप समारंभ. शाल, नारळ, आणि पहिल्या लॉटमधला नवा कुकर. सगळ्यांसमोर त्यांनी तो हातात घेतला आणि मला बाजूला ओढलं.

"अक्का, पिन बदलली का न्हाई? न्हाई तर मी आत्ता वर जाऊन त्रिविक्रम सरांना सांगतो. गुरुवारचंबी सांगतो. आता मला काय करणार हैत ते?"

वर जाऊ द्यायला हवं होतं. एवढं एकच करायचं होतं मला, काही न करणं. पण गुरुवारी जेवणारी मी अजून नोकरीत होते ना. मी म्हटलं, "बदललीय अण्णा. पिनेला आतनं नवा लेप दिलाय, पीठ चिकटत नाही. तुमच्यामुळंच झालं."

त्यांचा चेहरा असा काही खुलला की मला तिकडं बघवेना. पण कारागीर माणूस! दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "अक्का, मी झाकण उघडून बघितलं. पिन तशीच दिसतीय की."

"लेप डोळ्याला दिसत नाही अण्णा. पारदर्शक असतो."

"असं व्हय?" ते म्हणाले. "आता नवीन नवीन काय काय निघालंय. आमास्नी कुठलं कळायला!" आणि ते हसले. ज्या माणसाच्या डोळ्यांवर मी बावीस वर्षं विसंबले, त्याला मी त्याच्याच डोळ्यांवर अविश्वास ठेवायला लावला. फोन ठेवून मी लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. तीनदा धुतलं.

ऑक्टोबरात मला बढती मिळाली. कुकर तुफान खपला. दुसऱ्या टप्प्याची चाचणी काही सुरू झाली नाही. मी दोनदा मेल पाठवला, मग पाठवला नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी मी तक्रारींची यादी बघत होते. अकरावी तक्रार: झाकण उघडताना उडाले, भाजल्याची इजा. पत्ता बसवनगुडीचा. नाव, शिवलीला मंजुनाथ.

शिवलीला म्हणजे देवाप्पांची एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नात मी जेवायला गेले होते. नवरा हुबळीला नोकरीत, ही बाळंतपणासाठी बसवनगुडीला माहेरी आलेली आणि बाळ आठ महिन्यांचं होईपर्यंत राहिलेली. बाळासाठी रोज सकाळी रागीची आंबील वडिलांना निरोपाला मिळालेल्या त्याच कुकरमध्ये करायची. यादी तशीच उघडी ठेवून मी त्यांच्या घरी फोन लावला. देवाप्पांनीच उचलला.

"अक्का, पोरीचं झाकण उडालं वो," ते म्हणाले. "गळा, डावा हात, डावा गाल. बाळ आत निजलं होतं, म्हणून वाचलं. आज घरी आणलंय."

"कधी झालं?"

"पंधरा दिवस झाले. तुमचा माणूस येऊन बघून गेला. पिनेच्या भोकात रागी वाळलेली दाखवली मला त्यानं. म्हणाला, धुतलेलं न्हाई." त्यांचा आवाज एकदम कडू झाला. "मी सांगितलं होतं तिला, लेप दिला तरी धूत जा म्हणून. आळशी हाय अक्का, पहिल्यापासनं. धुतलं म्हणतीय, पर न्हाई धुतलं."

मला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी म्हटलं, येते मी अण्णा, आणि ठेवला.

परवा मंगळवारी कोरमंगलाला चौकशीची बैठक झाली. त्रिविक्रम सर, श्रीहर्ष, कंपनीच्या वकील बाई भव्या, आणि मी. भिंतीवर मोठ्या अक्षरांत देवाप्पांचा फॉर्म लावलेला. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तो शोधून उघडला होता, आणि तो ह्यासाठी.

"हे फारच स्पष्ट आहे," भव्या मॅडम म्हणाल्या. "मुलीच्या वडिलांनीच लिहून दिलंय. रचना समाधानकारक, पिन स्वच्छ ठेवावी. सही आहे. तज्ज्ञ माणूस, एकतीस वर्षांचा अनुभव. मुलीनं वडिलांचं ऐकलं नाही, दुसरं काय?"

मी उभी राहिले. का उभी राहिले कोण जाणे, बसूनही बोलता आलं असतं. म्हटलं, "हे त्यांनी सांगितलं नव्हतं. हे मी लिहिलंय. त्यांनी ह्याच्या बरोबर उलट सांगितलं होतं." आणि मग सगळं सांगितलं. गुरुवारचं जेवण, चार कुकर, चिमटा, वीस मिनिटं, लेप, सगळं. काही राहू दिलं नाही.

श्रीहर्ष पांढरा पडला होता. मग त्यानं हळूच विचारलं, "मॅम, ह्याची कुठं नोंद आहे? एखादा फोटो, एखादा आकडा?"

"नाही."

"म्हणजे सध्या आपल्याकडं फक्त तुमचं म्हणणं आहे."

"आणि माझे नि देवाप्पांचे डोळे," मी म्हटलं.

भव्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कस्तुरा मॅडम, तुम्ही खोटा कागद केला असं म्हणताय. मी हे लिहून घेतलं तर तुमची नोकरी आजच जाते. आणि कंपनीला आधीपासून माहीत होतं असा अर्थ होतो."

"लिहा," मी म्हटलं. "मी त्यासाठीच सांगतेय. लिहा ना!"

त्यांनी त्रिविक्रम सरांकडं बघितलं. सरांनी चष्मा काढून पुसला. अगदी मायेनं म्हणाले, "कस्तुरा, ती मुलगी तुला घरच्यासारखी आहे. तू हादरली आहेस. चार दिवस रजा घे. हे आपण आजच्या वृत्तांतात घेऊ नये असं मला वाटतं." श्रीहर्षनं मान खाली घातली. भव्या मॅडमनी पेन उचललं आणि पुढचा मुद्दा वाचला. माहितीपुस्तिकेत एक ओळ वाढवायचं ठरलं, पिन रोज धुवा. माझा गुन्हासुद्धा त्यांनी लिहून घेतला नाही. बाजारात सत्तर हजार कुकर आहेत.

मी राजीनामा टाइप केला, फॉर्मची एक प्रत काढली आणि रिक्षानं बसवनगुडीला गेले. दुपारचे तीन वाजले होते. देवाप्पा दारातच होते, एकदम वाळलेले. "या अक्का, या," म्हणाले. बायको बाळाला घेऊन शेजारी गेलेली. शिवलीला आतल्या खोलीत.

त्यांनी पाणी दिलं. मी घेतलं नाही. उभ्यानंच बोलले, नाहीतर बोलले नसते. लेप नव्हता अण्णा. कधीच नव्हता. पिन तीच आहे. मी खोटं बोलले तुमच्याशी.

ते खाली बसले, भिंतीला टेकून.

"आन् फॉर्म? त्यात घातलं होतं न्हवं?"

मी कागद काढला. "वाचा," ते म्हणाले. मी चारही ओळी मराठीत करून वाचल्या. पाव मिनिट लागलं नसेल. वाचून झाल्यावरही ते पुढचं ऐकायला थांबलेले.

"एवढंच?"

"एवढंच."

"तासभर बोललो होतो मी," ते म्हणाले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, कागद फाडला असता. त्यांनी तसलं काही केलं नाही. कागद हातात घेऊन स्वतःची सही तेवढी बघत बसले. मग म्हणाले, "माझं राहू द्या. पोरीला जाऊन सांगा. तिनं पिन धुतली होती. पंधरा दिवस रोज सांगतीय मला, धुतली होती अप्पा. मी तिला ह्या तोंडानं आळशी म्हणालोय."

मी आत गेले. शिवलीला खिडकीकडं तोंड करून बसली होती. गळ्याभोवती पट्टी, डावा हात उशीवर ठेवलेला. गालावरचं नवं कातडं गुलाबी, चकचकीत. सव्वीस वर्षांची पोर. मी तिच्यासमोर बसून सगळं पुन्हा सांगितलं. पिन धुतल्यानं काही होत नव्हतं, हे मला जुलैपासून माहीत होतं, हेही सांगितलं. मला वाटलं, आता म्हणेल चालत्या व्हा.

"अत्ते," ती म्हणाली. लहानपणापासून ती मला आत्याच म्हणते. "तुमच्या घरी कुठला कुकर आहे?"

मी तिच्या हाताखालच्या उशीची कड सरळ करू लागले.

"तुम्हालाबी मिळाला असणार की. कंपनीचा."

"मिळालाय," मी म्हटलं.

"वापरता?"

"नाही. खोक्यातच आहे अजून. मी जुनाच वापरते, शिट्टीचा."

तिनं मान हलवली आणि पुन्हा खिडकीकडं तोंड केलं.